कड्याच्या वर बांधलेली पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या शेजारच्या गिरणीवाल्या आक्काने पायाची पट्टी घरी सोडली, काढलेलं कडं पुन्हा पायात घातलं आणि म्हणून तिचा पाय बिघडला, असं तळोद्यात ज्यांना ही हकिगत माहीत आहे ते सगळे सांगतात. आक्काने पट्टी सोडली नव्हती. कडं तर काढलंच नव्हतं.

पण आधी तिला उभी असलेली बघा, कारण ती कायम उभीच असायची.

गिरणीपुढे एका पायावर, बगळ्यासारखी. दुसऱ्या पायाच्या तळव्याने पोटरी चोळत. कापडी नळीतून पीठ डब्यात पडायचं आणि तिचा हात त्याखाली. चिमूट घ्यायची, अंगठ्याने चोळायची, मान हलवायची. डबा भरत आला की पाय बदलायची, आणि बदलताना दोन्ही पायांतली चांदीची जाड कडी एकमेकांवर आपटून टण् असा आवाज व्हायचा. गिरणीच्या एवढ्या घरघरीत तो आवाज मला भिंतीपलीकडे ऐकू यायचा. मी तिथे दवाखान्यात कंपाउंडर. मलमपट्टी, इंजेक्शनं, सगळं माझ्याकडे. दवाखाना आणि गिरणी यांच्यात एकच भिंत होती, आणि गिरणी सुरू झाली की आमच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणत.

"आक्का, बठी जाय ना जराशी," मी दारातून म्हणायचो. कोपऱ्यात एक स्टूल होतं. त्यावर ती आपला चहाचा ग्लास बसवायची.

"बठनू ते बठीच ऱ्हासू, भाऊ. मंग गिरनी कोन चालाडी?"

"पाय दुखस ना पन."

"दुखस ते दुखस. चाली जाई."

चाली जाई, चालून जाईल. हे तिचं उत्तर सगळ्याला होतं. लाईट गेली तरी, पट्टा तुटला तरी, जावयाने बोलणं टाकलं तरी. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं एकच वाक्य सगळ्या कुलपांना लागतं.

गिरणीवर डब्यांची रांग असायची, आणि ती रांग आक्का रोज मोडायची. डोंगरातल्या गावांतून जीपने बायका मक्याची, ज्वारीची गाठोडी घेऊन उतरायच्या. जीप भरली की निघणार, त्यांच्यासाठी थांबणार नाही. म्हणून त्यांचं दळण आधी. मग गल्लीतल्या बायका कुरकुरायच्या. आक्का गिरणीच्या वरचढ आवाजात विचारायची, "तुम्हनं घर कोठे पयी जाई ऱ्हायनं का, माय?" घर काही पळून जात नव्हतं, म्हणून त्या गप्प बसायच्या. डोंगरातल्या बायकांशी ती त्यांच्या बोलीतले दहा-बारा शब्द जुळवून बोलायची आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. कुणी पिशवीतून मूठभर चारोळ्या काढून तिच्या हातावर ठेवायची.

तिचा नवरा ट्रकवर होता. गुजरातेत माल घेऊन जायचा. एकदा गेला तो आला नाही. अपघात म्हणावा तर ट्रक आला होता, दुसऱ्याच माणसाने आणून लावला होता. कुणी म्हणे तिकडे दुसरं घर केलं, कुणी म्हणे तापीच्या पुलावरून पाण्यात गेला. मुलगी तेव्हा शाळेत होती. मी सांगतोय त्या सुमाराला या गोष्टीला सतरा वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन खापर गावाला गेली होती, तिथे अंगणवाडीत होती. आक्काच्या कपाळावर कुंकू होतं आणि पायात कडी होती.

आमच्याकडे तसली कडी लग्नात सोनार घरी येऊन चढवतो. कड्याची तोंडं फाकवायची, पाय घालायचा आणि पुन्हा दाबून मिटवायची. मग ती हाताने निघत नाहीत. नवरा गेला की सोनार पुन्हा येतो, ती फाकवून काढतो. दोन वेळाच सोनाराचं काम. हे इकडच्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

आक्काच्या शिरा मी पहिल्यांदा नीट पाहिल्या त्या एका उन्हाळ्यात. लुगडं जरा वर खोचून ती गिरणीला पाणी मारत होती. पोटरीवर जांभळ्या-निळ्या दोऱ्यांचे गुंते वर आलेले, गुडघ्यामागे तर गाठच. घोट्याजवळची कातडी काळवंडलेली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "देख ना, मन्हा पायवर कोनी तापी काढेल शे. सगया नाला सुद्धा दखाडेल शेतस."

आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी शहरातून शिरांचे डॉक्टर यायचे. ऑपरेशन नाही, चिरा नाही. शिरेत बारीक सुईने औषध सोडायचं. शीर आतून चिकटून बंद पडते, रक्त दुसरी चांगली वाट धरतं. हे मी पेशंटना इतक्या वेळा सांगितलं होतं की माझं मलाच पाठ झालं होतं. औषध दिल्या दिल्या पट्टी बांधायची, पायाच्या बोटांपासून सुरू करून वर मांडीपर्यंत, खाली घट्ट आणि वर जाताना सैल. मग लगेच उठून चालायचं. उभं राहायचं नाही, पडूनही राहायचं नाही. पट्टी आठवडाभर तशीच. बांधणारा मी.

आक्काला गुरुवारी यायला तयार करायला मला तीन महिने लागले. मागे लागलो तो मीच. हेही लिहून ठेवतो.

नंदुरबारला नेऊन मशीनवर तपासणी करून आणली, आतल्या मोठ्या शिरा ठीक निघाल्या. डॉक्टरांनी तिला उभं करून पायावर पेनने खुणा करायला सुरुवात केली. ती खाली वाकून बघत होती. "साहेब, नकाशा काढी ऱ्हायनात का?" डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितल्यावर ते मनापासून हसले. माणूस चांगला होता. खुणा करता करता त्यांचा हात कड्यापाशी थांबला.

"ही दोन्ही काढावी लागतील. पट्टी खालून आली पाहिजे. पुढच्या गुरुवारी काढूनच आण यांना." हे मला.

पुढचा गुरुवार आला आणि आक्का कड्यांसकट आली. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, आक्का, सोनाराकडे जाऊन यायचं ठरलं होतं ना? दहा मिनिटांचं काम. पुन्हा चढवता येतील.

तिने माझं मनगट धरलं. पिठाने कोरडी पडलेली बोटं होती तिची, खरखरीत. "कडी काढू नको, भाऊ. कडी काढी ते तो मरी गया आसं मीच गावले सांगं, आसं व्हई."

"औषधासाठी काढनी पडतीस, आक्का. गावले समजस."

"गावले समजी. मले कसं समजी?" माझं मनगट न सोडता म्हणाली, "आनि सकाय तो दारमा उभा ऱ्हायना ते?"

उद्या, सतरा वर्षांनी. बाहेर बाकावर चौदा-पंधरा जणं बसलेली, डॉक्टरांना पाच वाजता निघायचं होतं. तिला परत पाठवलं तर ती पुन्हा येणार नाही, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, चल. तिला टेबलावर घेतलं, त्या दिवशी एकाच पायाचं होतं, तो उशीवर वर ठेवला आणि घोट्यापासून खाली दोन्ही पावलांवर हिरवं कापड घातलं.

डॉक्टर हात धुऊन आले. "कडी काढली?"

"हो सर."

ते औषध तयार करू लागले. दोन सिरिंज एकमेकांना जोडून औषध आणि हवा इकडून तिकडे ढकलली की पांढरा दाट फेस होतो. आक्का मान उचलून बघत होती. "सोडा शे का हाऊ?" मी म्हटलं, व्हय, पायले पाजी ऱ्हायनूत. ती हसली आणि सुई गेली तेव्हा तिला कळलंही नाही. चार ठिकाणी औषध दिलं. निळ्या दोऱ्या डोळ्यांदेखत पांढुरक्या होत गेल्या. डॉक्टर म्हणाले, "पट्टी बोटांपासून, नीट," आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

मी आधी बोटांपासूनच सुरू केली. तळवा झाला, टाच झाली, मग कडं आलं. कड्यावरून पट्टी नेली की खाली पोकळी राहायची, आणि ओढली की कडं हाडात रुतायचं. आक्का कण्हली. मी ती सगळी उलगडली. दुसऱ्यांदा बांधली, तीही घसरली. बाहेरून कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं. तिसऱ्यांदा मी कड्याच्या चार बोटं वर पहिला वेढा घेतला आणि तिथून बांधत मांडीपर्यंत गेलो. दिसायला सुबक झाली. लुगडं खाली सोडल्यावर काही कळत नव्हतं.

पंचवीस वर्षं पट्ट्या बांधणाऱ्या माणसाला हे कळत होतं. पाऊल मोकळं आणि पोटरी आवळलेली म्हणजे खाली उतरलेलं रक्त वर कसं चढणार? पिशवीचं तोंड बांधल्यासारखं ते. कळत होतं, आणि मी बांधली.

"चाल आते, आक्का. अर्धा तास गल्लीमा चक्कर मार."

तिने टेबलावरून पाय खाली सोडले. टण्.

चार दिवस ती चालली. सांगितलं तसं. सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची, दवाखान्यावरून जाताना मला हात करायची. भिंतीपलीकडून गिरणीचा आवाज येत नव्हता. तिने आठवडाभर गिरणी बंद ठेवली होती, लग्नानंतर पहिल्यांदा. पाचव्या दिवशी ती चालताना दिसली नाही. मी गेलो. पाऊल सुजून पुरीसारखं झालं होतं आणि कडं मांसात बुडालं होतं, नुसती चंदेरी रेघ दिसत होती. मी पट्टी सोडली. पट्टीच्या काठाचा खोल वळ उठला होता.

"कव्हय पासून, आक्का?"

"दुसरा दिनपासून."

"आनि सांगं काबर नही?"

"तू बांधेल व्हती. मले वाटनं, आसंच ऱ्हास."

त्याच वेळी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. मी म्हटलं, दोन दिवसांवर गुरुवार आहे. पाय वर घेऊन ठेव.

गुरुवारी डॉक्टरांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. वळावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "ही खूण कसली? पट्टी बोटांपासून नव्हती? आणि हे कडं? काढलं म्हणाला होतास तू."

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. माझ्या तोंडून शब्द आले ते आधी ठरवल्यासारखे आले, पण मी काही ठरवलेलं नव्हतं, एवढं खरं माना.

"बोटांपासूनच बांधली होती सर. कडंही काढलं होतं. यांनी घरी पट्टी सोडून पुन्हा वरूनच बांधली असेल. कडं पुन्हा घातलं."

सोनाराशिवाय ते कडं निघत नाही आणि चढतही नाही. डॉक्टर शहरातले, त्यांना हे ठाऊक नव्हतं. बाहेर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. सगळ्या आक्काकडे बघत होत्या.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "काय हो बाई? असं केलंत?"

प्रमाण मराठी तिला चांगली समजायची. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. पीठ चिमटीत घेऊन बघावं तसं पाहिलं, जाडं आहे की बारीक.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "मीच सोडी. मीच घालं."

मग डॉक्टर तिला बोलले. खूप बोलले. इतक्या लांबून आम्ही येतो, तुमच्या भल्यासाठी सांगतो, तुम्हाला दागिन्यांचं पडलंय. ती ऐकत होती. मी ट्रे हातात धरून उभा होतो.

कडं आता फाकवून निघण्यातलं नव्हतं, कापावं लागलं. गल्लीतला सोनार बारीक करवत घेऊन आला. त्याने खाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि कापायला लागला. आक्काने डोळे मिटले नाहीत. कडं तुटलं तेव्हा सोनाराने सवयीने, काही वाईट मनात न आणता, हात जोडले. बाहेरच्या दोन बायकांनीही जोडले. आक्का त्यांच्याकडे बघून म्हणाली, "काय व्हयनं व तुम्हले? औषधसाठे काढं." पण आवाज तिचा नव्हता.

जे तिला टाळायचं होतं म्हणून मी वाकडं काम केलं, तेच शेवटी माझ्या टेबलावर, चार लोकांदेखत झालं.

कड्याचे वाकलेले तुकडे मी तिच्या हातात द्यायला गेलो. तिने हात मागे घेतला. "आते हाई घर नही लयी जावावं. तुन्हाकडे ऱ्हाऊ दे." मी ते पट्टीत गुंडाळून इंजेक्शनच्या कपाटात खालच्या खणात ठेवले.

घोट्यावर जखम झाली. कडं रुतलेल्या जागी, काळवंडलेल्या कातडीत. अशी जखम लवकर भरत नाही. दोन वर्षं मी दर दिवसाआड तिचं ड्रेसिंग केलं. आता पट्टी बोटांपासून बांधत होतो, बरोब्बर, खाली घट्ट वर सैल. कधी जखम आकसायची, कधी पुन्हा पसरायची. शिरा मात्र खरंच बसल्या होत्या. पोटरी गुळगुळीत झाली होती, आणि आक्का ती दाखवून म्हणायची, "तापी आटी गयी, भाऊ."

गिरणीपुढे ती आता स्टुलावर बसायची. चहाचा ग्लास जमिनीवर. जीपवाल्या बायका आधी, हे चालू होतं. आवाज मात्र गेला. एकाच पायात कडं असलं की ते आपटायचं कशावर? मी भिंतीला पाठ लावून बसायचो आणि नुसती घरघर ऐकायचो.

एकदा ड्रेसिंग करताना मी म्हटलं, "आक्का, त्या दिवशी मी डॉक्टरले..."

"मी सांगं, तू करं," ती म्हणाली. "मंग?"

"तसं नही, आक्का. मी खोटं..."

"पट्टी बांध ना भाऊ. दयन पडेल शे." दळण पडलंय. आणि मग, माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत, "चाली जाई."

मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. चूक तिने आपल्याकडे घेतली होती, अर्धी तिच्या सांगण्यावरून होतीही. पण खोटं तिने सांगायला लावलं नव्हतं. ते माझं एकट्याचं होतं आणि मी त्या दिवशी ते तिच्या पायाशी तसंच ठेवून हात धुतले.

पुढच्या उन्हाळ्यात तिने गिरणी विकली आणि खापरला लेकीकडे गेली. जाताना बसपर्यंत मीच पिशवी घेऊन गेलो. स्टूल मला दिलं. तिकडे ड्रेसिंग कोण करतं, कसं करतं, मी दोनदा फोनवर विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. पावसाळ्यात लेकीचा निरोप आला. पाय तापला, मग सगळं अंग तापलं, आणि दवाखान्यात नेताना गाडीतच गेली. यात माझा वाटा किती, हे कुणी मला सांगू शकणार नाही. मी कुणाला विचारलेलंही नाही.

दिवसकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, मी खापरला गेलो. निघताना कपाटाच्या खालच्या खणातून ती गुंडाळी काढली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो.

लेक मला मामा म्हणते. जेवणं उरकल्यावर तिने मला आत बोलावलं. ट्रंकेवर एक कडं ठेवलं होतं, घासून लख्ख केलेलं.

"मामा, मायना पायमा एकच व्हतं. दुसरं कोठे शे, तुम्हले माहीत शे का?"

मी कड्याकडे बघत होतो.

"मायनी सांगेल व्हतं, तुन्हा बाप उना ते त्याना हातमा दोन्ही देजो. आते एक कसं देऊ?" तिने डोळे पुसले. "माय कोनंच आयके नही, मामा. पट्टी सोडी नसती ते आज राहती. तुम्ही कितलं करं तिन्हासाठे."

खिशातली गुंडाळी छातीला टोचत होती. मी म्हटलं, "नही माय, मले काही माहीत नही."

ती मला सोडायला स्टँडपर्यंत आली. वाकून पाया पडली.

याला आता चार वर्षं होतील. ते डॉक्टर यायचे बंद झाले. मी तिथेच आहे. गिरणीच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलंय, भिंत आता थरथरत नाही. पण त्या पोराच्या हातून कधी पकड फरशीवर पडते, टण्, आणि माझ्या हातातली पट्टी जिथे असेल तिथे थांबते. समोरचा पेशंट विचारतो, काय झालं? मी काही नाही म्हणतो आणि ती सगळी उलगडून पुन्हा बोटांपासून सुरू करतो.

तुटलेलं कडं माझ्याकडे आहे. ते खापरला नेऊन तिच्या लेकीच्या हातात द्यायचं आहे, आणि देताना सांगायचं आहे की तुझ्या आईने पट्टी सोडली नव्हती. मी ती चुकीची बांधली आणि नाव तिचं घेतलं. एवढं माझ्याकडून बाकी आहे.